आखाडा बदलण्याचा इतिहास

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दरम्यान, अंबरनाथ तालुक्यातले चामटोली हे गाव लागते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा सगळा पट्टा गेल्या काही दशकांत मुंबईत जागा न परवडणाऱ्या कुटुंबांनी भरत गेला आणि शहराची ही वाढ आता चामटोलीसारख्या गावांच्या शिवेपर्यंत येऊन ठेपली आहे. या कुटुंबांपुढे हल्ली एक नवाच प्रश्न उभा राहतो. मूल जवळच्या व्यायामशाळेत दोन-तीन वर्षे मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्स शिकते, त्याचे अंग वळू लागते, एखाद्या स्पर्धेत नाव येते आणि लगेच कोणीतरी सुचवते की आता याला इथे ठेवू नका, ठाण्याला नाहीतर दादरला घाला. घरात दोन तट पडतात. ज्यांनी मुलाला पहिली सलामी शिकवली त्या सरांना सोडणे हा कृतघ्नपणा आहे, असे एकाला वाटते. दुसऱ्याला वाटते की भिडेखातर मुलाचे नुकसान करू नये. पहिला तट गुरुनिष्ठेच्या जुन्या परंपरेचा दाखला देतो, दुसरा आजच्या स्पर्धेच्या युगाचा. पण महाराष्ट्राच्या व्यायामपरंपरेचा इतिहास तपासला तर तो या दोघांच्याही समजुतीला धरून चालत नाही. आखाडा बदलणे आपल्याकडे कधीच निषिद्ध नव्हते. उलट विद्या फिरत राहिली म्हणूनच ती टिकली. मात्र ज्या बदलांनी काही घडवले, ते शिकण्याचा पुढचा टप्पा आला म्हणून झाले. पदकाच्या घाईपोटी झालेल्या बदलाला या इतिहासात आधार सापडत नाही.

मल्लखांबाचीच कथा घ्या. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख येतो. त्यानंतर शतकानुशतके ही विद्या मागे पडली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी तिला पुन्हा उभे केले, असे परंपरा मानते. निजामाच्या मुलखातून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचे आव्हान, बाळंभटांनी मागून घेतलेली मुदत आणि सप्तशृंगीच्या डोंगरावरची त्यांची साधना ही आख्यायिका आखाड्यांत अजून सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी पुढचा प्रवास बोलका आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव कानपूरजवळच्या बिठूरला गेला आणि मल्लखांबही उत्तरेत गेला. नानासाहेब, तात्या टोपे आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई यांनी तिथे या विद्येचे धडे घेतले, असे परंपरेने मानले जाते. बाळंभटांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांच्यामुळे ती काशीत रुजली आणि पुढे शिष्यांच्या शिष्यांनी ती गावोगाव नेली. एका दरबारात, एका खांबाभोवती ही विद्या अडकून पडली असती तर दरबाराबरोबरच संपली असती. शिष्य उठून दुसरीकडे गेले, नव्या गावात खांब पुरला आणि तिथे वेगळ्या अढ्या, वेगळ्या तेढ्या, वेगळे दसरंग असे खांबावरचे प्रकार शोधून काढले. आज ज्याला आपण मल्लखांबाचा वारसा म्हणतो, तो अशा स्थलांतरांनी बनलेला आहे.

मग ‘वस्ताद बदलू नये’ हा दंडक आला कुठून? त्याचे मूळ तालमीच्या अर्थव्यवहारात शोधावे लागते. गावची तालीम किंवा पेठेतला आखाडा शिकवणीवर चालत नसे. जागा देवस्थानाची, गावकीची किंवा एखाद्या दात्याची असे. हौद्यातली माती, खांबाला लागणारे एरंडेल आणि दिवाबत्ती यांची सोय लोकवर्गणीतून होई. वस्ताद बहुतेक वेळा विनामूल्य शिकवी आणि त्याला मिळे तो मान: गुरुपौर्णिमेचा नारळ, नागपंचमीची पूजा, जत्रेतल्या फडात पुढची जागा. ज्याने आठ-दहा वर्षे एक पैसा न घेता मुलाला घडवले, त्याच्याकडून उठून शेजारच्या तालमीच्या नावाने लढणे म्हणजे त्याला मिळणारा एकमेव मोबदला हिरावून घेणे होते. निष्ठेची अट या व्यवहारातून जन्मली आणि त्या व्यवहारात ती न्याय्य होती. आजच्या वर्गात दरमहा शुल्क भरले जाते, पावती मिळते, गणवेशाचे आणि स्पर्धेच्या प्रवेशाचे पैसे वेगळे घेतले जातात. यात गैर काही नाही. प्रशिक्षकालाही घर चालवायचे असते. पण शुल्क घेणाऱ्या संस्थेने विनामूल्य वस्तादाला शोभणारी निष्ठा मागावी, हा हिशेब जुळत नाही. पालकांनी कृतज्ञ राहावे, मुलाने सरांच्या पाया पडावे, हे सगळे योग्यच. कृतज्ञता म्हणजे कायमचे बांधून घेणे, असे मात्र जुन्या वस्तादांनीही मानलेले दिसत नाही.

याचे ठळक उदाहरण बडोद्यात सापडते. जुम्मादादांच्या आखाड्यात तयार झालेले राजरत्न प्रोफेसर माणिकराव हे विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय व्यायामपद्धतीतले मोठे नाव होते. एका मुसलमान वस्तादाचा आखाडा त्याच्या हिंदू शिष्याने त्याच्याच नावाने चालवला. गुरुनिष्ठेचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. याच माणिकरावांकडे १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकला. मल्लविद्या आणि देशी व्यायाम आत्मसात केल्यावर तो तिथेच थांबला नाही. नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे जाऊन त्याने योगाची दीक्षा घेतली. हाच तरुण पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखला गेला. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. १९३७ मध्ये मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि पुढच्याच वर्षी कांदिवलीला शारीरिक शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. गुण्यांनी गुरू बदलला म्हणून माणिकरावांची विद्या वाया गेली का? उलट आखाड्यात मिळालेले शरीराचे ज्ञान योगाला जोडले गेल्यामुळेच शाळांच्या व्यायामाविषयी बोलण्याचा अधिकार त्यांना मिळाला. पहिल्या गुरूकडचे शिकून झाले होते आणि दुसऱ्याकडे निराळे काही शिकायचे होते. या बदलाचे समर्थन एवढ्यावर उभे आहे. पालकांनी निर्णय घेताना हाच प्रश्न आधी विचारावा: इथले शिकून झाले आहे का, आणि तिथे जे शिकवतात ते खरोखर वेगळे आहे का?

विद्या एका माणसाच्या मुठीतून सुटावी यासाठी त्या पिढीने जाणीवपूर्वक प्रयत्न केले, हेही विसरता येत नाही. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ आणि दादरला काळे गुरुजींनी १९२५ मध्ये समर्थ व्यायाम मंदिर स्थापन केले. अमरावतीच्या उन्हाळी वर्गांना दूरदूरच्या प्रांतांतून शिक्षक येत, शिकत आणि आपापल्या गावी परत जाऊन शिकवत. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. बडोद्याला द. चिं. मुजुमदार यांनी ‘व्यायामज्ञानकोश’ दहा खंडांत संपादित केला आणि आखाड्यात तोंडी चालणाऱ्या पकडी, उड्या, डाव छापील पानांवर आले. ज्या विद्येचा कोश निघतो आणि वर्ग भरतात, तिच्यावर कोणा एकाची मालकी राहत नाही. इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अमरावतीला आलेला शिक्षक गावची तालीम कायमची सोडत नसे. काही आठवडे शिकून तिथेच परतत असे. बदल म्हणजे नेहमी तोडणे नव्हे. जवळचा वर्ग चालू ठेवून सुटीत मोठ्या केंद्राच्या शिबिराला जाणे हा मधला मार्ग शंभर वर्षांपासून आपल्याकडे आहे आणि आजच्या पालकांना तो क्वचितच सुचवला जातो.

बदल अटळ कधी होतो, हे खाशाबा जाधवांच्या आयुष्यात दिसते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मुलाला कुस्तीचे पहिले धडे वडिलांनी, दादासाहेबांनी, दिले. पुढे बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांनी त्याला घडवले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तो नावारूपाला आला. पण १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकची कुस्ती मातीत होणार नव्हती; ती गादीवर, निराळ्या नियमांनी आणि गुणांवर खेळली जाणार होती. त्या तयारीसाठी रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाकडून त्याने धडे घेतले. लंडनला खाशाबा सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक देशाला दिले. त्या प्रवासाच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. या कथेत चार-पाच शिक्षक आहेत आणि एकानेही दुसऱ्याला पुसून टाकलेले नाही. वडिलांनी पाया घातला, कराड-कोल्हापूरने डाव दिले, गार्डनरने गादीचे नियम शिकवले, प्राचार्यांनी वाट मोकळी केली. खेळाचे नियम आणि पृष्ठभाग बदलले तेव्हा शिक्षकही बदलावा लागला. मल्लखांबावरून आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्सकडे वळणाऱ्या मुलालाही हेच लागू आहे. दहा सेंटिमीटर रुंदीच्या बॅलन्स बीमवर किंवा व्हॉल्टिंग टेबलवर शिकवण्याचे शिक्षण न घेतलेल्या मल्लखांबाच्या सरांकडून ते शिकण्याचा आग्रह धरणे मुलावर अन्याय आहे, तसा सरांवरही.

खुद्द मल्लखांबाने आपले घर बदललेले आहे, ही गोष्ट निष्ठेचा मुद्दा काढणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. १९५८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांबाची प्रात्यक्षिके झाली, १९६२ मध्ये ग्वाल्हेरला तो त्या राष्ट्रीय स्पर्धेचा भाग झाला आणि काही वर्षे जिम्नॅस्टिक्सच्या छपराखाली नांदला. मग १९८१ मध्ये उज्जैनला मल्लखांबाची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि त्याची वेगळी संघटना उभी राहिली. पुढे २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर १५ देशांचे खेळाडू पहिल्या जागतिक स्पर्धेला आले. केंद्र सरकारने खेलो इंडिया स्पर्धांत मल्लखांबाचा समावेश केला. २०२४ मध्ये समर्थ व्यायाम मंदिराचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. या मान्यतेचा दुसरा परिणाम मात्र पालकांच्या मनावर झाला. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंना दहावी-बारावीला ग्रेस गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे. म्हणून प्रमाणपत्राला भाव आला. ‘तिकडच्या क्लबची मुले स्टेटला जातात’ हे वाक्य आता बदलाचे सगळ्यात मोठे कारण झाले आहे. आणि याच कारणाला इतिहासात सगळ्यात कमी पाठबळ आहे. ज्या क्लबची मुले राज्य पातळीवर जातात, तिथे आपल्या मुलापुढे रांगही तितकीच मोठी असते. शिवाय प्रमाणपत्र हे शिकण्याचे उप-उत्पादन आहे. त्याचाच पाठलाग करणारे मूल एका मोसमात निवड हुकली की खेळच सोडून देते.

यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि तो दीपा कर्माकरच्या नावाने घेतला जातो. आगरतळ्याची ही मुलगी लहानपणी सोमा नंदी यांच्याकडे आणि मग त्यांचे पती बिश्वेश्वर नंदी यांच्याकडे शिकली आणि अखेरपर्यंत नंदी सरांबरोबरच राहिली. साधने अपुरी असताना त्यांनी जुगाड करून तिला शिकवले. २०१४ मध्ये ग्लासगोला राष्ट्रकुल स्पर्धेत तिला कांस्य मिळाले आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुण मिळवून ती चौथी आली. पदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले. गुरू न बदलताही शिखर गाठता येते, असे यावरून म्हटले जाते आणि ते खरेही आहे. पण तपशील नीट पाहावा. रिओच्या आधी दीपाचा सराव दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये, राष्ट्रीय शिबिरात झाला. म्हणजे जागा बदलली, साधने बदलली, माणूस तोच राहिला. आणि तो राहिला कारण नंदी सर तिच्याबरोबर वाढत गेले. प्रोदुनोव्हासारखा अवघड व्हॉल्ट शिकवण्याइतके ते स्वतः शिकत राहिले. दीपाच्या उदाहरणातून निघणारा धडा ‘कधीही सोडू नका’ असा नाही. शिक्षक शिकत असेल तर त्याला सोडण्याचे कारण उरत नाही, असा तो आहे. आपल्या मुलाचे सर नवे नियम वाचतात का, पंच परीक्षा देतात का, आपल्याला न येणारे शिकवायला दुसऱ्याला बोलावतात का, हे पालकाला दोन-चार महिन्यांत कळू शकते.

दुसरा आक्षेप वयाचा. जिम्नॅस्टिक्समध्ये लवकर सुरुवात लागते, सातव्या-आठव्या वर्षी मोठ्या केंद्रात गेले नाही तर गाडी चुकते, असे पालकांना सांगितले जाते. १९७६ मध्ये माँट्रियलला नादिया कोमानेचीने चौदाव्या वर्षी पूर्ण दहा गुण मिळवल्यानंतर ही समजूत जगभर पसरली. पण त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वतः उलट दिशेने पावले टाकली. महिलांच्या वरिष्ठ गटासाठी किमान वय १९८१ मध्ये १५ आणि १९९७ मध्ये १६ करण्यात आले, कारण वाढत्या हाडांवर पडणारा ताण आणि कोवळ्या मुलींवरचे दडपण यांची चर्चा तोवर थांबवता येईनाशी झाली होती. वरिष्ठ गटात उतरायलाच सोळा वर्षे लागत असतील, तर आठव्या वर्षी आठवड्याचे वीस तास सराव करणारा कार्यक्रम कोणाच्या घाईसाठी आहे, हे विचारायला हवे. या वयात लागते ते चांगल्या उड्या मारणे, पडताना अंग सावरणे, हातावर तोल धरणे, पाठ आणि खांदे मोकळे ठेवणे. गावच्या मल्लखांबावर आणि साध्या गाद्यांवर हे उत्तम शिकता येते. दहा-अकरा वर्षांपर्यंत बदल करायचा झाला तर तो शिकवण्याचा दर्जा किंवा सुरक्षितता यांसाठी करावा. स्पर्धेच्या पातळीसाठी करण्याची निकड बहुधा नसते.

तिसरा मुद्दा या पट्ट्याचा खास आहे: अंतर. कल्याणपासून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये खुला झाला आणि तेव्हापासून इथल्या माणसाचे शिक्षण, नोकरी, बाजारहाट गाडीच्या वेळापत्रकाला बांधले गेले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण ५४, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८ आणि वांगणी ७८ किलोमीटरवर आहे. चामटोलीच्या मुलाला दादरला जायचे तर आधी रस्त्याने स्थानक गाठायचे, मग साठ किलोमीटरच्या आसपास लोकलने, आणि तेवढेच परत. दप्तर, गृहपाठ, गर्दीचा डबा आणि सोबत येणाऱ्या आईचा किंवा आजोबांचा अर्धा दिवस या खर्चाची नोंद कोणत्याही क्लबच्या शुल्कपत्रकात नसते. पावसाळ्यात हा मार्ग किती बेभरवशाचा होतो, हे २७ जुलै २०१९ ला सगळ्या देशाने पाहिले. उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस चामटोलीजवळ अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. दमलेल्या शरीराने केलेला सराव शिकवत नाही, दुखापती देतो. म्हणून दोन वर्गांची तुलना करताना तिथे किती तास शिकवतात एवढेच न पाहता, प्रवास, झोप आणि शाळा वजा जाता मुलाच्या अंगात किती तास उरतात, ते मोजावे. या हिशेबात कल्याण-अंबरनाथचा बरा वर्ग दादरच्या उत्तम वर्गापेक्षा अनेकदा सरस ठरेल.

तरी काही बाबतींत अंतराचा, वयाचा, कृतज्ञतेचा कसलाच हिशेब मांडू नये. जिथे पुरेशा गाद्या नाहीत, उलटी कोलांटी हवेत शिकवताना कोणी हात देऊन धरत नाही, दुखणाऱ्या मनगटावर ‘नाटके करू नकोस’ म्हटले जाते, तिथून मूल काढून घेणे हा पर्याय नसून कर्तव्य आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे मोठ्या माणसांच्या हातून होणारा गैरवापर. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला २०१८ मध्ये शिक्षा झाली तेव्हा दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रियांनी न्यायालयात आपली कहाणी सांगितली. काहींनी तक्रारी फार आधी केल्या होत्या. नामवंत संस्थेचा दबदबा, निवड हुकण्याची भीती आणि गप्प राहण्याची शिकवण यांनी त्या दाबल्या. ही दूरदेशीची गोष्ट म्हणून सोडता येणार नाही. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूरचे नागरिक शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या निषेधार्थ स्थानकातल्या रुळांवर उतरले होते. २०१२ चा पोक्सो कायदा अशा प्रकारची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घालतो. संस्थेची अब्रू हे तिथे कारण होऊ शकत नाही. ज्या वर्गात पालकांना सराव पाहू दिला जात नाही, मुलाला एकटे थांबवून घेतले जाते किंवा ‘घरी सांगू नकोस’ असे बजावले जाते, तो वर्ग कितीही पदके आणत असला तरी त्याच दिवशी सोडावा.

राहिला प्रश्न सोडायचे कसे याचा. माणिकरावांपासून गुणे, वडिलांपासून खाशाबा, आगरतळ्यापासून दिल्ली या प्रत्येक वाटेवर पुढचा टप्पा मागच्या टप्प्यावर उभा आहे. मागच्या गुरूचे ऋण नाकारून कोणी मोठा झालेला नाही. चोरून मूल पळवणे, मोसमाच्या मध्यावर न सांगता गैरहजर राहणे, नव्या क्लबच्या गटावर जुन्या सरांची उणीदुणी काढणे, या सवयी आताच्या आहेत. सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तर मोसम पूर्ण होऊ द्यावा, सरांना समोर जाऊन कारण सांगावे आणि पुढे कुठे घालावे याचा सल्ला त्यांनाच विचारावा. चांगला शिक्षक बहुतेक वेळा तुमच्याआधी हे ओळखून असतो. व्यवहाराची बाजूही तपासावी. शालेय क्रीडा स्पर्धांत मूल शाळेच्या नावाने उतरते, त्यामुळे क्लब बदलला तरी ती वाट बंद होत नाही. पण संघटनेच्या स्पर्धांत प्रवेश क्लब आणि जिल्हा संघटनेमार्फत होतो, आणि चामटोली ठाणे जिल्ह्यात तर दादर मुंबई शहर जिल्ह्यात येते. निवडीचे दार कुठले राहील आणि नोंदणी कधी बदलता येते, हे शुल्क भरण्याआधी दोन्ही संघटनांकडे विचारून घ्यावे. आणि सगळ्यात आधी मुलाला विचारावे. मैत्रिणी सुटतील म्हणून ते नाही म्हणत असेल तर तेही कारण खरे आहे. वर्षभर थांबल्याने कोणाचे ऑलिम्पिक हुकत नाही. शिकण्याचा टप्पा संपला असेल, शिक्षकाचे शिकणे थांबले असेल किंवा मूल सुरक्षित नसेल, तर आखाडा बदला. यातले एकही नसेल, तर आहे तिथेच राहू द्या आणि सरांना नव्या गाद्यांसाठी वर्गणी द्या.